पांढरी पांढरीत, लाल लालमध्ये

सगळ्यात आधी खटकलं ते वॉशिंग मशीन. बुधवारी दुपारी साडेतीनला त्या घरात मशीन कधीच लागत नसे. सासूबाई पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि कपड्यांचंही त्यांनी वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं होतं: सोमवारी पांढरे, गुरुवारी रंगीत, शनिवारी चादरी. बुधवार कोरा. आणि तरीही बाल्कनीत उभं राहून फोनवर बोलणाऱ्या दचकूला आतून मशीनची घरघर स्वच्छ ऐकू येत होती.

ती दचकली. (यात नवीन काही नाही. टोस्टरमधून पाव उडाला तरी ती दचकायची. फोनची रिंग स्वतः निवडलेली असूनही प्रत्येक वेळी दचकायची. ऑफिसात तिला सगळे दचकूच म्हणत. एकदा तर ओळखपत्रावरही तेच छापलं जाता जाता राहिलं होतं.) पण आज दचकायला कारण होतं. धुण्यासारखं घरात एकच काय ते होतं, ते म्हणजे सहा मोजे. आणि अर्ध्या तासापूर्वी ती बाल्कनीत आली तेव्हा त्या सहा मोज्यांमध्ये सहा बाटल्या होत्या.

मोज्यात बाटल्या हा काय प्रकार, ते आधी सांगायला हवं, नाहीतर या घराबद्दल लोकांचा भलताच समज व्हायचा.

दचकू एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत कामाला होती. तीन वर्षं ती शब्दकोड्याची मुद्रितं तपासत होती आणि रिकाम्या चौकटी भरत होती. तिच्या नावानं आजवर एक ओळही छापून आली नव्हती. (तिची सगळ्यात जास्त वाचली गेलेली रचना म्हणजे 'उर्वरित मजकूर पान सहावर'.) पुरवणीत दर महिन्याला वाइनवर लिहिणारे एक काका होते. ऑफिसात त्यांना 'नाक' म्हणत, कारण बूच उघडायच्या आधीच त्यांना म्हणे आतलं कळायचं. तर या नाकाला सर्दी झाली. साधीसुधी नाही, दोन आठवडे झाले तरी त्यांना कांदा आणि साबण यांतला फरक कळेना.

सोमवारच्या बैठकीत संपादकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "परवडणाऱ्या तीन पांढऱ्या आणि दणकट तीन लाल. चव घ्यायची, तुलना करायची, बुधवारी पाचच्या आत मजकूर द्यायचा. कोण करतंय?"

एक हात वर गेला. सगळ्यांनी त्या हाताकडे पाहिलं, म्हणून दचकूनंही पाहिलं. तो तिचाच निघाला.

"तू?" संपादकबाई म्हणाल्या. "बरं. नीट जमलं तर सदर तुझं. नावासकट. नाक आता निवृत्तीच्या गोष्टी करतायत."

नावासकट! दोन रात्री तिला झोप नाही. आयुष्यात तिनं वाइन चारदा चाखली होती, त्यातली दोनदा सरबत समजून. म्हणून तिनं वाचन सुरू केलं, आणि वाचनात तिला कळलं की खऱ्या चाचणीत बाटलीवरचं नाव चव घेणाऱ्याला दिसता कामा नये. बाटल्या झाकायच्या, वर नंबर लावायचे, आणि शेरे लिहून झाले की मगच झाकण काढून नाव बघायचं. झाकायला घरात काय होतं? सासरे बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून आयुष्यभर भट्ट्यांपाशी उभे राहिले होते. त्या काळातले त्यांचे गुडघ्यापर्यंतचे जाड लोकरी मोजे कपाटात होते, धुतलेले, घडी घातलेले, अगदी बाटलीच्या मापाचे.

नवरा बुधवारी एक वाजता जेवायला घरी आला. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. नियम म्हणजे नियम असा माणूस. रिकाम्या रस्त्यावर, स्वतःच्याच फाटकात शिरतानाही इंडिकेटर देतो.

"हे बघ," ती त्याला म्हणाली, "तू बाटल्या मोज्यांत घाल. एक ते तीन पांढऱ्या, चार ते सहा लाल. मोज्याला नंबरची चिठ्ठी पिनेनं टाच. मी तोवर बाल्कनीत डोळे मिटून उभी राहते. कशात काय आहे ते कुणालाही कळता कामा नये. कुणालाही!"

"कुणालाही म्हणजे कुणालाही ना?"

"हो रे बाबा!"

"ठीक," तो म्हणाला. पाच मिनिटांनी काम झालं आणि दीडला तो पुढच्या शिकाऊला घ्यायला निघूनही गेला.

दोन वाजता चाचणी बसली. (हा शब्द सासूबाईंचा.) खरंतर दचकू एकटीच चव घेणार होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मला नको गं बाई ते." पण दचकूनं टेबलावर सहा कोरे कागद मांडले, वर नंबर घातले, समासही आखले, आणि ते पाहिल्यावर सासूबाईंचा जीव राहीना. त्यांनी खुर्ची ओढली, चष्म्याची काडी सारखी केली आणि पर्समधून लाल पेन काढलं.

"गुण दहापैकी का?"

"आई, गुण नसतात, नुसतं वर्णन करायचं. वास कसा, चव कशी, गिळल्यावर मागे काय उरतं..."

"दहापैकीच," सासूबाईंनी ठरवून टाकलं.

सासरे वर्तमानपत्र खाली ठेवून आपणहून आले. "मोजे माझे आहेत," ते म्हणाले. एवढा अधिकार पुरेसा होता.

खरे चाखणारे वाइन तोंडात घोळवतात आणि थुंकतात, त्यासाठी दचकूनं बाथरूममधला मग पुसून आणला होता. योजना उत्तम होती. पण ती घोट घोळवत असतानाच दरवेळी कुणीतरी बोलायचं, ती दचकायची, आणि दचकलेला माणूस थुंकत नाही, गिळतो. पहिल्या तीन नंबरांतच तिनं सात वेळा गिळलं.

एक नंबर. दचकूनं लिहिलं: 'लिंबाची साल? कापलेलं गवत? की मला तसं वाटतंय?' सासऱ्यांनी घोट घेतला, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाणी स्वच्छ आहे. पाइप नवीन."

सासूबाईंनी लिहिलं: 'सहा. टापटीप. पण पाठ केलेलं वाटतं.'

दोन नंबर. दचकू: 'पिकलेलं नासपती? थोडा मध? कदाचित नसेलही.' सासूबाई: 'पाच. सुरुवात चांगली, शेवट घाईत उरकलाय.'

दचकूनं तो शेरा वाचला, पुन्हा घोट घेतला, आणि अगदी तसंच होतं! आधी तोंडभर गोडवा, आणि मग एकदम काही नाही, घंटा झाल्यावर पोरं पळाली तसं.

तीन नंबरला लोण्याचा, भाजक्या लाकडाचा वास होता. 'साडेसहा,' सासूबाई. 'श्रीमंत घरचं मूल. पालकांनी मदत केलेली दिसते.'

मग लाल. चार नंबरनं तिघांचीही जीभ टाळ्याला चिकटली. "प्रेशर जास्त आहे," सासरे खोकत म्हणाले. "सेफ्टी व्हॉल्व्ह उडणार." सासूबाई: 'चार. वर्गात ओरडून बोलतो.' पाच नंबर काळसर होती, मिरी आणि जांभळट फळांच्या वासाची, आणि पहिल्या घोटाला काहीच बोलली नाही. दुसऱ्याला थोडं, तिसऱ्याला बरंच. सासूबाईंनी लाल पेन कागदावर टेकवून ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. मग लिहिलं: 'आठ. अक्षर गिचमिड, पण डोक्यात विचार आहेत.' सहाला साडेपाच मिळाले, 'नक्कल बरी' या शेऱ्यासकट.

मग त्यांनी दचकूचे कागद ओढून घेतले आणि प्रत्येक प्रश्नचिन्हाभोवती गोल काढला. एकोणतीस गोल झाले. खाली लिहिलं: 'उत्तर लिहायचं आहे, प्रश्न नव्हे.'

"आई, त्या माझ्या नोट्स आहेत!"

"म्हणूनच सांगतेय. घाबरून लिहू नये गं. चुकलं तर चुकलं."

आता फक्त मोजे काढून नावं बघायची बाकी होती. तेवढ्यात फोन वाजला. (दचकली. सुदैवानं तोंड रिकामं होतं.) संपादकबाई होत्या. फोटो आडवा हवा की उभा, शब्द किती, मथळा काय, पाच म्हणजे पाच, सव्वापाचला पान छपाईला जातं आणि त्या वेळी मी कुणाचंच ऐकत नाही. दचकू बाल्कनीत येरझारा घालत 'हो', 'हो', 'नक्की' म्हणत राहिली. अर्धा तास. आणि मग आतून ती घरघर ऐकू आली.

ती आत धावली. मशीनच्या गोल काचेआड सहा मोजे फेसात एकमेकांच्या गळ्यात गळे घालून फिरत होते. ओट्यावर सहा रिकाम्या बाटल्या धुऊन उलट्या, ओळीनं, निथळत ठेवलेल्या. पिना पिनांच्या डबीत. आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन मोठ्या काचेच्या बरण्या. एक फिकट पिवळी, एक गर्द लाल.

"आई," दचकू बरण्यांकडे बोट दाखवत म्हणाली, "हे काय?"

"आवरून टाकलं," सासूबाई हात पुसत म्हणाल्या. "सहा अर्धवट बाटल्या कुठे ठेवायच्या? फ्रिजच्या दारात दोनसुद्धा मावत नाहीत. पांढरी पांढरीत ओतली, लाल लालमध्ये. घाबरू नकोस, एकमेकींत नाही मिसळल्या. तेवढं कळतं मला."

"आणि कुठल्या नंबरात कुठली बाटली होती?"

"ते तूच म्हणालीस ना, बघायचं नाही म्हणून? मी मोजे काढताना तोंड फिरवलं. हाताला लागतील तशा ओतल्या."

दचकू स्टुलावर बसली. स्टूल तिथे नव्हतं. सासऱ्यांनी तिला उठवलं.

सहा नावं होती, सहा शेरे होते, आणि त्यांची एकमेकांशी ओळख उरली नव्हती. गवताची कुठली, लोण्याची कुठली, ओरडणारी कुठली? नवीन आणून पुन्हा चाखावं तर वाइनच्या दुकानाला बुधवारी सुट्टी. "चार नंबर उंच बाटली होती," सासरे आठवून म्हणाले. ओट्यावरच्या सहाही बाटल्या उंच होत्या.

मग तिला नवरा आठवला. भरल्या त्यानंच होत्या! कुठल्या शिकाऊनं कुठल्या तारखेला कुठल्या दगडाला चाक लावलं, हे त्याला दोन दोन वर्षं आठवतं. त्याला माहीत असणारच. तिनं फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. धडा चालू असताना त्याचा फोन गाडीच्या कप्प्यात असतो, आवाज बंद करून. (नियम म्हणजे नियम.) ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात लावला. तिथली बाई म्हणाली, "गाडी रस्त्यावर आहे हो. परत येतील तेव्हा येतील, आज उलटी गाडी घ्यायचा धडा आहे."

उलटी गाडी घ्यायचा धडा पोस्टाच्या मागच्या गल्लीत होतो, हे तिला तोंडपाठ होतं. चपला घातल्या (एक स्वतःची, एक सासऱ्यांची, हे नंतर कळलं), वही काखेत मारली आणि ती धावली.

गल्लीच्या टोकाला ती गाडी होतीच, टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, आणि हळूहळू, गोगलगाय शरमेल इतकी हळूहळू, मागे येत होती. ड्रायव्हरच्या जागी एक कुस्तीचे कोच बसले होते. मान बैलासारखी, कान मोडलेले, आणि स्टिअरिंग असं धरलेलं की जणू ते चावेल. दचकू आडवी धावत जाऊन काचेवर थाप मारू लागली. कोच किंचाळले. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली.

नवऱ्यानं काच खाली केली. "मागे हो! मागे हो! त्यांनी इंडिकेटर दिलाय!"

"कशात काय होतं?"

"कशात?"

"मोज्यात!"

कोचनी खाली वाकून नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं.

"बाटल्या रे!" दचकू धापा टाकत म्हणाली. "आईंनी सगळ्या ओतून टाकल्या. एक नंबरात कुठली होती, चारात कुठली, सांग पटकन, मी लिहून घेते."

नवरा शांतपणे म्हणाला, "मला काय माहीत?"

"तूच घातल्यास ना!"

"तू म्हणालीस, कुणालाही कळता कामा नये. मी विचारलंसुद्धा, कुणालाही म्हणजे कुणालाही ना? तू हो म्हणालीस. म्हणून पांढऱ्या आणि लाल वेगळ्या केल्या, आणि मग डोळे मिटून चाचपत घातल्या. एक तर दोनदा हातातून सुटली."

"अरे, पण निदान एक यादी..."

"यादी कशाला? मोजा काढला की बाटलीवर नाव असणारच होतं."

ते इतकं बरोबर होतं की दचकूला रडू आलं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, ती दचकली, कोचही दचकले, आणि दोघांनी एकमेकांकडे फार समजुतीनं पाहिलं.

"ताई," कोच हळूच म्हणाले, "होईल हो सगळं नीट. सर मला पण तेच सांगतात."

ती घरी पोचली तेव्हा सव्वाचार झाले होते. आता एकच मार्ग दिसत होता. ठोकून द्यायचं! बाटल्यांवरची नावं नंबरांना वाटून टाकायची, एक नंबर सॉव्हिन्यॉन, दोन शेनिन, तीन शार्दने, लाल तीन आपल्या अंदाजानं. कुणाला कळतंय? तिनं पहिली ओळ लिहिलीसुद्धा. आणि लगेच तिच्या डोळ्यांसमोर एक वाचक आला. कुणीतरी सज्जन माणूस, रविवारी संध्याकाळी बाटली घेऊन बसलेला, एका हातात तिचा लेख, ग्लासात नाक घालून लिंबाची साल शोधतोय. शोधतोय, शोधतोय, बायकोला म्हणतोय, "माझंच नाक गेलं की काय?" तिनं ओळ खोडली. पुन्हा लिहिली. पुन्हा खोडली. उठली, बसली, खिडकी उघडली, लावली.

"काय ते एकदाचं ठरव," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या फेऱ्यांनी फरशी झिजली."

"खोटं लिहिता येत नाही आणि खरं लिहिण्यासारखं काही उरलं नाही."

"म्हणजे? झालं तेच लिही की. एका वर्षी माझ्याकडच्या उत्तरपत्रिकांवर पाणी सांडलं. नावं गेली, उत्तरं राहिली. मी काय केलं? वर्गात उभी राहिले आणि शेरे मोठ्यानं वाचले. ज्याचा होता त्यानं मान खाली घातली. बरोबर कळलं सगळ्यांना."

"वाइन मान खाली घालत नाही, आई."

"वाचक घालतील. लिही."

साडेचार. दुसरा रस्ता नव्हता, म्हणून तिनं लिहिलं. मोजे, थुंकायचा मग, एकोणतीस गोल, बरण्या, सगळं. शेरे तिनं जसेच्या तसे उतरवले, कारण बदलायला वेळ नव्हता. शेवटी वाटलं, बरण्यांवरही दोन ओळी हव्यात, वाचकाला निदान काहीतरी ठाम मिळावं. तीन ग्लास आले. पिवळ्या बरणीतलं सासऱ्यांनी चाखलं आणि नुसती मान हलवली. सासूबाईंनी लिहिलं: 'तीन. तिघांनी मिळून कॉपी केली आणि तिघांचंही चुकलं.' लाल बरणी मात्र तिघांनीही दुसऱ्यांदा घेतली. ओरडणारा चार नंबर आत जाऊन गप्प झाला होता, पाच नंबरनं सगळ्यांना सांभाळून घेतलं होतं. 'साडेआठ. कुणाचं श्रेय आहे ते सांगता येत नाही. वर्गाचं अभिनंदन.' सासरे म्हणाले, "आता प्रेशर बरोबर आहे. सही करतो."

पाचला पाच कमी असताना तिनं मजकूर पाठवला आणि त्याच क्षणी तिला कळलं की आपण नोकरी घालवली.

वाइनच्या लेखात एकाही वाइनबद्दल काही सांगितलेलं नव्हतं! तिनं संपादकबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्यांच्या टेबलावर तो फोन कुठे असतो ते तिला माहीत होतं, मुद्रितांच्या ढिगाखाली, दुपारच्या डब्याच्या झाकणाशेजारी. तिसऱ्यांदा लावला. पाच वाजून चार मिनिटं. कदाचित वाचतायत. कदाचित वाचून झालंय आणि शिपायाला तिचा खण रिकामा करायला सांगतायत. खणात काय आहे? एक छत्री, तीन पेन्सिली, बिस्किटांचा अर्धा पुडा. चौथ्यांदा. ऑफिसच्या दुसऱ्या नंबरावरही कुणी नाही, म्हणजे सगळे एका टेबलाभोवती जमलेत, म्हणजे नक्की लेख मोठ्यानं वाचून दाखवला जातोय. पाचव्यांदा. ती फोन कानाला लावून स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात. पाच वाजून अकरा मिनिटं. राजीनाम्याची पहिली ओळ मनात तयार झाली. तिच्याही शेवटी प्रश्नचिन्ह होतं. सहाव्यांदा. सासूबाई ओले मोजे वाळत घालता घालता म्हणाल्या, "अगं, श्वास तरी घे."

सातव्यांदा फोन उचलला गेला.

"वाचलं," संपादकबाई म्हणाल्या. मागे कुणीतरी हसत होतं. खरंतर बरेच जण हसत होते. "पान थांबवून वाचलं. ते 'वर्गात ओरडून बोलतो' हे तुझं?"

"नाही... ते आईंचं. सासूबाईंचं."

"'शेवट घाईत उरकलाय'?"

"तेही त्यांचंच."

"आणि 'तिघांनी मिळून कॉपी केली'?"

"आईंचंच."

"मग यात तुझं काय आहे?"

दचकूनं हातातल्या कागदांकडे पाहिलं. "प्रश्नचिन्हं," ती म्हणाली.

पलीकडे पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"बरं. सदर नक्की," संपादकबाई म्हणाल्या. "नावासकट. सासूबाईंना फोन दे, त्यांचं पूर्ण नाव विचारून घेते."